कदंब स्टँडवरून मांडवीच्या काठाला चालत जायची वाट नीट कशी होईल?

नमस्कार, मी फोंड्याहून रोज बसने पणजीला येते. परवा आईला सोबत आणलं, तिला कांपालला झाडांखाली नदीकडे बघत बसायचं होतं. गुडघे दुखतात तिचे पण हळूहळू चालते. स्टँडवरून निघालो तर फुटपाथ मध्येच संपतो, कुठे स्कूटर लावलेल्या, कुठे फरशी उखडलेली, आणि बांदोडकर मार्ग ओलांडताना तर तिने माझा हात असा घट्ट धरला की मलाच भरून आलं. रिक्षावाल्याने सांगितलेलं भाडं परवडणारं नव्हतं, आणि पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलच्या, मागे ती बसू शकत नाही. नदी एवढी जवळ असून म्हाताऱ्या माणसाला पोचता येत नाही, ह्यावर काय करता येईल?

मळ्यातला: ताई, पुढच्या वेळी पाटोचा पादचारी पूल ओलांडून ओरेमच्या खाडीकाठाने या. खाडी सरळ मांडवीलाच मिळते आणि तुम्ही जुन्या सचिवालयाजवळ निघता, मोठा रस्ता बराच टळतो. पण फोंतेन्हासच्या जुन्या वस्तीच्या बाजूला फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या उभ्या असतात त्यामुळे तिथे रस्त्यात उतरावं लागतं. माझं मत विचाराल तर नवीन काही बांधायची गरज नाही, हीच वाट सलग करा, सावलीला झाडं लावा, दर थोड्या अंतरावर बाकडं ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात सावली नसेल तर तरुण माणूसही चालणार नाही हो.

बेतीकर: फेरीबोटीचं कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. १९८६ च्या जुलैमध्ये मांडवीचा पूल कोसळला तेव्हा ह्या फेरींनीच माणसं पार केली, माझे बाबा तेव्हा रोज बेतीहून पणजीला फेरीनेच कामाला यायचे. आजही चालत येणाऱ्याला तिकीट नाही, नदी ओलांडून थेट शहराच्या मध्यात उतरतो. खरी अडचण धक्क्यावर उतरल्यावर सुरू होते. तिथून कांपाल, मिरामारला लगेच गाडी मिळायला हवी. स्टँड, फेरीचा धक्का, कला अकादमी, मिरामार अशी छोटी इलेक्ट्रिक बस पंधरा-पंधरा मिनिटांनी फिरवा, आणि रात्री नाटक सुटेपर्यंत चालू ठेवा. नाटक बघून दहा-साडेदहाला बाहेर पडलेल्या बायकांनी घरी जायचं कसं, ह्याचा विचार वेळापत्रक करणाऱ्याने आधी करावा.

सायकलवाली_ताळगाव: बस हवीच पण संध्याकाळी कॅसिनोला येणाऱ्या गाड्यांत ती पण अडकणार, मग पंधरा मिनिटांचा चाळीस होतो आणि लोक परत स्कूटर काढतात. बांदोडकर मार्गाची काठाकडची एक लेन बस आणि सायकलला द्या. लोक पार्किंग गेलं म्हणून ओरडतील, माझा भाऊच ओरडेल, तरी द्या. आणि सिग्नलला माणसांचा हिरवा दिवा जास्त वेळ ठेवा, काकूंच्या चालीने मोजून. हे तर पैसे न घालता उद्यासुद्धा होईल.

फोंड्याहून (प्रश्न विचारणारी): सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, खाडीची वाट मला माहीतच नव्हती. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत आईला तिथून नेते, जिथे जिथे तिला रस्त्यात उतरावं लागेल तिथला फोटो काढून इथे टाकते. बेतीकर, तुम्ही धक्क्यापासून मिरामारपर्यंतचं तसंच कराल का? मग दोन्ही एकत्र करून महापालिकेला लेखी देऊ.