डिएगो गार्सियाच्या लोकांना घरी जाता येणार की नाही?

पलासियावाला:
मुलीला शाळेत हिंदी महासागरावर प्रोजेक्ट दिलाय, दोघं बसून वाचत होतो तर डिएगो गार्सिया निघालं. अमेरिकेचा लष्करी तळ आहे एवढंच माहीत होतं, तिथे नारळाच्या मळ्यांत पिढ्यान् पिढ्या माणसं राहायची नि १९६८ ते ७३ मधे त्यांना उचलून मॉरिशस, सेशेल्सला नेऊन सोडलं हे आज कळलं. मग मे २०२५ ला ब्रिटनने चागोस, म्हणजे डिएगो गार्सिया ज्यात येतं तो बेटांचा समूह, मॉरिशसला द्यायचा करार केला तरी त्या हलवलेल्यांतले बरेच लोक नाराज का? मुलगी विचारतेय.

जुनी_इंदूर:
कारण त्यांना विचारलंच नाही कोणी, तेव्हाही नि आत्ताही. करारात बाकीच्या बेटांवर वस्ती करता येईल असं आहे पण डिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनकडेच, तळ तसाच. १९६५ ला मॉरिशस स्वतंत्र व्हायच्या आधीच ब्रिटनने ही बेटं त्याच्यापासून तोडून घेतली, ३० लाख पौंड देऊन, मग अमेरिकेला जागा दिली नि तिच्याकडून घ्यायच्या पोलॅरिस मिसाइलच्या सौद्यात १.४ कोटी डॉलरची सूट घेतली. अमेरिकेला बेट रिकामं पाहिजे होतं म्हणून कागदावर लिहिलं की इथले सगळे कंत्राटी मजूर आहेत, कायमचं कोणीच नाही. हेगच्या कोर्टाने २०१९ ला हे तोडणं बेकायदा म्हटलं, भारतही मॉरिशसच्या बाजूने होता.

हरसूदची_लेक:
दादा, माझं माहेर हरसूद. २००४ ला इंदिरासागर धरणाच्या पाण्यासाठी गाव खाली करायला लावलं, लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडली, बाबा ट्रॉलीत देवघराची फळी मांडीवर घेऊन बसले होते. चेक घेताना आजीने अंगठा दिला, कागदात काय लिहिलंय ते कोणी वाचूनही दाखवलं नाही. म्हणून चागोसचं १९८२ वाचलं तेव्हा रडू आलं मला, ब्रिटनने ४० लाख पौंड दिले पण परत यायचा हक्क सोडला असं लिहिलेल्या इंग्रजी कागदांवर अंगठे घेतले, नि ती माणसं क्रिओल बोलणारी, बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. निघायच्या आधी त्यांचे कुत्रेसुद्धा गॅसने मारले होते.

पलासियावाला:
ताई, कुत्र्यांचं मुलीला नाही सांगितलं, अंगठ्याचं सांगितलं. ती म्हणतेय त्यांच्या आजी-आजोबांच्या कबरी तिथेच असतील ना?

जुनी_इंदूर:
तिथेच आहेत. २००६ ला शंभरेक जणांना जहाजाने नेलं होतं, कबरी साफ केल्या, फुलं वाहिली नि परत आणलं.