अंध, आंधळा, अल्पदृष्टी: नेमका फरक काय?

शब्दवेडी: कोशात 'अंध' म्हणजे आंधळा, दिसत नाही असा. मग हातात पांढरी काठी असलेला माणूस लोकलमध्ये मोबाइल वाचताना दिसला, तर त्याला काय म्हणायचं? लोक सरळ 'सोंग करतोय' म्हणतात.

विशेष शिक्षक: सोंग नव्हे, ताई. बोलीतल्या 'आंधळा'त मिट्ट काळोख गृहीत धरलाय, कायद्यातल्या 'अंध'मध्ये तो नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, चष्मा लावूनही बऱ्या डोळ्याची दृष्टी ३/६०पेक्षा कमी असेल, तर माणूस अंध ठरतो. म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून ओळखू येणारं अक्षर त्याला ३ मीटरवरूनही ओळखता येत नाही. दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर न हलवता दिसणारा पट्टा, १० अंशांहून कमी असेल तरीही तो अंधच. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारात बहुधा कडेचं दिसणं आधी जातं. मधल्या फटीतून मोबाइल वाचता येतो, पण पायाजवळचा खड्डा दिसत नाही. काठी त्या खड्ड्यासाठी. पडद्याचा मधला भाग गेला की उलटं होतं: चालणं बरंचसं जमतं, समोरचा चेहरा ओळखू येत नाही. मग 'ओळख दाखवत नाही' हा ठपका!

शब्दवेडी: आणि 'अल्पदृष्टी'?

विशेष शिक्षक: त्याच्या वरची पायरी. ६/१८पासून ३/६०पर्यंत, किंवा क्षेत्र ४० ते १० अंश. 'दिव्यांग' मात्र अंधाला पर्यायी शब्द नाही. त्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. वर्तमानपत्रं हा घोळ रोज घालतात.

चालणं-शिक्षिका: काठीबद्दल थोडं. ती टेकायची नसते, चाचपायची असते. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासली जाते. काठीचा झोका खांद्यांहून किंचित रुंद. तो अरुंद ठेवला की खांब कडेने लागतो. कमरेच्या वर आलेली फांदी किंवा टेम्पोची फळी काठीला कळतच नाही. मदत करायची तर काठी किंवा दंड धरून ओढू नका. आपला कोपर पुढे करा. कोपराच्या वर धरून ती व्यक्ती अर्धं पाऊल मागे चालेल.

ब्रेलप्रेमी: 'ब्रेल भाषा' हा शब्दप्रयोगही चुकीचा. ती लिपी आहे, सहा टिंबांची. मराठीसाठी भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ब्रेल. त्यात ऱ्हस्व वेलांटी उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते: 'कि' म्हणजे क, मग इ.

शब्दवेडी: पण आता सगळे बोलणारा फोनच वापरतात ना?

ब्रेलप्रेमी: वापरतात, पण शुद्धलेखन ऐकून कळत नाही, 'पाणि' आणि 'पाणी' कानाला जवळजवळ सारखेच. शिवाय कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधली फाइल आली की फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला देवनागरी मिळतच नाही. त्यात 'का'च्या जागी 'डीके' ऐकू येतं, कारण 'क' तिथे इंग्रजी 'डी'च्या कळीवर बसवलेला आहे. परिपत्रकं काढणाऱ्यांनी युनिकोडमध्ये टाइप करावं, आणि त्याचा फोटो पाठवू नये.