काम सुरू झाल्यावर शेड्यूल अपडेट कसं ठेवता? सल्ला हवाय

नवा_प्लॅनर: नमस्कार मंडळी. बांधकामाच्या प्रोजेक्टवर प्लॅनिंग बघतो, एमएस प्रोजेक्ट (वेळापत्रक बनवायचं सॉफ्टवेअर) वापरतो. दर आठवड्याला इंजिनिअर लोकांकडून कुठलं काम किती टक्के झालं ते घेतो आणि इमानदारीत भरतो, तरी शेवटची तारीख जागची हलत नाही. काम मागे पडलंय हे शेंबड्या पोरालाही दिसतंय आणि माझ्या फाइलमध्ये सगळं वेळेत, मीटिंगमध्ये काय तोंड दाखवायचं? त्याऐवजी प्रायमाव्हेरा हे दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं का?

गँटकाका: सॉफ्टवेअर बदलून काही होणार नाही, आधी टक्के मागणं बंद करा. समजा प्लास्टरचं काम १० दिवसांचं आहे, ६ दिवस झाले, इंजिनिअर म्हणतो ६० टक्के झालं. तुम्ही ६० भरलं की एमएस प्रोजेक्ट आपलं आपण धरतं की ६ दिवस गेले, ४ उरले, म्हणजे तारीख जिथल्या तिथे. आता त्याच माणसाला विचारा, "बाबा, इथून पुढे अजून किती दिवस लागतील?" तो डोकं खाजवून म्हणेल आठ, कारण गवंडी कमी आहेत आणि मचाण दुसरीकडे अडकलंय. रिमेनिंग ड्युरेशनमध्ये (उरलेले दिवस) ८ टाका, काम ४ दिवस पुढे सरकतं, त्याला फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलवता चालणारा उशीर, ३ दिवसांचा असेल तर प्रोजेक्टची शेवटची तारीख १ दिवस जाते. हीच बातमी तुम्हाला हवी होती ना? आणि खरी सुरू झाल्याची तारीख आधी भरा, नाहीतर टक्के टाकल्या टाकल्या ते प्लॅनमधलीच तारीख खरी म्हणून बसवतं.

फ्लोट_शून्य: काकांना +१. शिवाय स्टेटस डेट, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतची माहिती भरलीय ती तारीख, ठेवता का? शुक्रवार संध्याकाळ म्हणजे शुक्रवार संध्याकाळ, त्यानंतरचं काही "झालं" म्हणून भरायचं नाही आणि त्याआधीचं काही "बाकी" म्हणून ठेवायचं नाही. प्रायमाव्हेरात डेटा डेट (तिथली स्टेटस डेट) पुढे घेऊन शेड्यूल रन केलं की उरलेलं काम आपोआप त्या तारखेपुढे जातं, एमएस प्रोजेक्टमध्ये मात्र "अपडेट प्रोजेक्ट" या कमांडमध्ये जाऊन न झालेलं काम पुढे ढकलायला सांगावं लागतं. बहुतेक लोक हे करतच नाहीत, मग गेल्या महिन्यात व्हायला हवं होतं ते काम गेल्या महिन्यातच लोळत पडलेलं असतं.

नवा_प्लॅनर: बापरे, माझ्याकडे अशी ढीगभर असतील. साहेब म्हणतात बेसलाइनच (तुलनेसाठी जपलेला मूळ प्लॅन) नवीन सेव्ह कर, म्हणजे उशीर दिसणार नाही 😅

गँटकाका: साहेबांना नमस्कार सांगा. बेसलाइन हलवायची ती कामाची व्याप्ती बदलली किंवा मुदतवाढ रीतसर मंजूर झाली तरच, आणि तेव्हाही जुनी पुसायची नाही, एमएस प्रोजेक्टमध्ये ११ बेसलाइन राहतात, जागेची काही कमी नाही. उद्या उशीर कोणामुळे झाला यावर भांडण लागलं की जुनी बेसलाइन आणि दर अपडेटची वेगळी सेव्ह केलेली फाइल हेच कामाला येतं.

साइटवरची_ताई: मी साइटवर असते म्हणून दुसरी बाजू सांगते. आम्हाला अख्खी फाइल पाठवू नका हो, कोणी उघडत नाही. पुढच्या तीन आठवड्यांत जेवढी कामं आहेत तेवढ्यांचा एक कागद द्या, त्यात चारच रकाने, कधी सुरू झालं, कधी संपलं, अजून किती दिवस, कशामुळे अडलंय. मी तो साइटवर फिरता फिरता पेनाने भरते. आणि फोनवर विचारलंत तर "नव्वद टक्के" हेच उत्तर मिळणार, पुढच्या आठवड्यातही तेच.

फ्लोट_शून्य: ताई 😂 एकदम बरोबर. अजून एक, क्रम मोडून झालेली कामं शोधा. आधीचं काम संपलेलं नसताना पुढचं सुरू झालं असेल तर त्या दोन कामांमधली लिंक (कशानंतर काय ते) तपासा, साइटने क्रमच बदलला असेल तर लिंकही बदला, नाहीतर उरलेल्या तारखांना काही अर्थ नाही.

आणि @नवा_प्लॅनर, शेवटच्या माइलस्टोनला (प्रोजेक्ट संपल्याची खूण) मस्ट फिनिश ऑन, म्हणजे याच तारखेला संपलं पाहिजे असं बंधन, लावलंय का बघा बरं.

नवा_प्लॅनर: लावलंय. करारातली तारीख आहे ती.

फ्लोट_शून्य: मग कशी हलेल! खिळाच ठोकलाय तुम्ही. ते काढा आणि करारातली तारीख डेडलाइनच्या रकान्यात टाका, तिथे ती नुसती खूण म्हणून राहते, उलटून गेली की लाल चिन्ह येतं. काढल्यावर किती दिवस पुढे गेलं ते इथे टाका, मग क्रिटिकल पाथ, म्हणजे शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी, बघू.

नवा_प्लॅनर: काढलं. ४१ दिवस. साहेबांना उद्या सकाळी दाखवतो, आत्ता नको.