शब्दचर्चा: प्रिझम म्हणजे लोलक की चिती? आणि पिरॅमिडला सूची का?

तिरकी रेघ:
प्रिझमला मराठीत नक्की काय म्हणायचं? कुठे लोलक वाचलंय कुठे चिती. पिरॅमिडला सूची म्हणतात म्हणे, पण सूची म्हणजे यादी ना? आणि सिलिंडरला वृत्तचिती म्हणायचं तर मग सिलिंडर पण प्रिझमच झाला का? डोक्याचा पार भुगा झालाय.

कोनमापक:
लोलक फिजिक्सवाल्यांचा, काचेचा तो तिकोनी ठोकळा, उजेड आत शिरला की रंग वेगळे होतात तो. भूमितीत चिती. आकार म्हणून बघाल तर तो लोलक त्रिकोणी चितीच आहे, पण म्हणून षटकोनी खांबाला कोणी लोलक म्हणत नाही.
चिती म्हणजे रचून केलेला ढीग, संस्कृतातला चि धातू म्हणजे रचणे, चिता पण त्यातलीच. इष्टिका म्हणजे वीट म्हणून विटेसारख्या आयताकृती ठोकळ्याला इष्टिकाचिती. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) चितिव्यवहार नावाचं प्रकरणच आहे, विटा किती लागतील, थर किती होतील असली गणितं. ग्रीक प्रिझ्मा म्हणजे करवतीने कापलेलं काहीतरी. तिकडे कापून झाला आणि आपल्याकडे रचून, मला आपलं रचणं जास्त पटतं कारण घनफळाचं सूत्र त्यातच आहे: सारखे थर एकावर एक, म्हणून तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. संपला विषय.

सुईदोरा:
सूची म्हणजे मुळात सुई हो. सूचीपर्णी झाडं म्हणतो ना आपण, पानं सुईसारखी म्हणून. टोकाला निमुळतं होत जाणारं ते सूची. यादीचा अर्थ पण त्याच शब्दाला आहे, पण भूमितीत तो आणायचा नाही.
आणि पिरॅमिड म्हटलं की लोकांना इजिप्तच दिसतं, म्हणजे चौरस तळ. तसं काही नाही, तळ त्रिकोणी असो नाहीतर सप्तकोनी, बाकीची पृष्ठं त्रिकोणी आणि सगळी एका शिरोबिंदूत मिळाली की झाली सूची.

तिरकी रेघ:
बरं, पण वृत्तचितीचं काय? आणि सूचीचं घनफळ तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंचीच्या एक तृतीयांश असतं, तो एक तृतीयांश कुठून येतो, निम्मं का नाही?

कोनमापक:
निम्मं वाटणारे तुम्ही पहिले नाही, आर्यभटाच्या ग्रंथात (499) पण तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंचीच्या निम्मंच दिलंय. तिथे त्रिकोणी सूचीला षडश्रि म्हटलंय, म्हणजे सहा कडांची, नाव मस्त पण सूत्र चुकलेलं. ब्रह्मगुप्ताने (628) एक तृतीयांश सांगितलं.
पडताळा हवा तर एक घन घ्या आणि त्याचा एकच कोपरा पकडा. सहापैकी तीन पृष्ठं त्या कोपऱ्याला लागून आहेत, उरली तीन. उरलेल्या प्रत्येक पृष्ठावर त्या कोपऱ्याकडे जाणारी एक सूची उभी करा, तळ म्हणजे ते पृष्ठ आणि उंची म्हणजे घनाची कड. तीन सूच्या तयार झाल्या, तिन्ही तंतोतंत सारख्या, आणि अख्खा घन त्यांनी भरला, मधे फट नाही की काही उरलं नाही. म्हणजे एकीच्या वाट्याला एक तृतीयांश. कागदाची घडण (दुमडली की सूची होते तो सपाट आकार) कापून तीन करून बघा, एकदा हातात जुळल्या की सूत्र पाठ करावं लागत नाही.

सुईदोरा:
वृत्तचितीबद्दल माझं मत, काटेकोर व्याख्येत प्रिझमची सगळी पृष्ठं बहुभुजाकृती पाहिजेत, सिलिंडरचं एक पृष्ठ वक्र आहे म्हणून तो प्रिझम नाही. पण मराठीत नावातच चिती आहे, आणि मला तर ते बरंच वाटतं कारण घनफळ त्याच सूत्राने निघतं. शंकूचं नातं असंच सूचीशी, तिथेही एक तृतीयांश. फक्त गणितज्ञ ऑयलरचं सूत्र तिथे लावू नका: पृष्ठं अधिक शिरोबिंदू बरोबर कडा अधिक 2. वृत्तचितीला पृष्ठं 3, कडा 2, शिरोबिंदू शून्य, म्हणजे 3 बरोबर 4, फसलं. शंकूला मात्र योगायोगाने जुळून जातं, म्हणून पोरं फसतात.

कोनमापक:
कडांवरून आठवलं, 12 कडा म्हटलं की सगळे इष्टिकाचितीच सांगतात, षटकोनी सूचीला पण 12 च असतात, तळाच्या 6 आणि वर जाणाऱ्या 6. चितीच्या कडा तळाच्या बाजूंच्या तिप्पट, सूचीच्या दुप्पट. आणि "चार बाजूंची सूची" असं लिहू नका प्लीज, बाजू म्हणजे पृष्ठं की तळाच्या भुजा ते कळत नाही. चार पृष्ठं म्हटलं तर तळ त्रिकोण, चार भुजांचा तळ म्हटला तर पृष्ठं पाच होतात.

तिरकी रेघ:
आणि चिती एका बाजूला कललेली असेल तर? तीही चितीच?

सुईदोरा:
चितीच, तिरकी चिती. पत्त्यांचा कॅट ढकलून तिरपा केला तरी पत्ते तेवढेच राहतात ना, तसं घनफळ तेवढंच. उंची मात्र तळाला लंब मोजायची, कललेल्या कडेवरून नाही, तिथे मोजलीत की उत्तर हटकून जास्त येणार.