गाउट आणि सीपीपीडीचं गावातलं प्रमाण: २,००० लोकांत उत्तर मिळेल का?

पीएसएम_निवासी: तीन गावांतल्या २,००० प्रौढांचं घरोघर सर्वेक्षण करायचंय. सगळ्यांचं यूरिक ॲसिड तपासायचं, ७ मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर आलं की गाउट (यूरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा संधिवात) धरायचा. पन्नाशीच्या पुढच्यांचा गुडघ्याचा एक्स-रे काढून त्यावर सीपीपीडी (कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक सांध्यात साचण्याचा आजार) मोजायचा, असा बेत आहे. पद्धत बरोबर आहे का? आणि नमुना पुरेल का?

सांधेवैद्य: यूरिक ॲसिडचा आकडा हे निदान नाही, ते आधी प्रोटोकॉलमधून काढा. अमेरिकेच्या २००७-०८ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात यूरिक ॲसिड वाढलेले २१.४ टक्के होते आणि गाउट असल्याचं सांगणारे ३.९ टक्के. तुमच्याकडे काय होईल ते मांडून बघा. समजा २,००० मध्ये खरे रुग्ण १० आहेत, आणि तुमच्या कसोटीला त्यातले ८ सापडले. उरलेल्या १,९९० पैकी फक्त १० टक्के लोकांचं यूरिक ॲसिड ७ च्या वर निघालं, तरी १९९ निरोगी माणसं यादीत येतात. २०७ जणांच्या यादीत खरे आठ! शिवाय ऐन झटक्यात यूरिक ॲसिड नॉर्मलही येतं, म्हणून झटका सुरू झाल्यापासून किमान चार आठवडे उलटल्यावर पुन्हा तपासायचं.

‘डॉक्टरांनी गाउट सांगितलाय का?’ हा अमेरिकेतला प्रश्न आपल्या गावात चालत नाही. इथे गुडघेदुखीपासून आमवातापर्यंत सगळ्याला ‘वात’ म्हणतात. त्यापेक्षा असं विचारा: ‘एका रात्रीत पायाचा अंगठा किंवा घोटा लाल होऊन सुजला, चादर लागली तरी सहन होईना, आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरं झालं, असं कधी झालंय का?’ जे ‘हो’ म्हणतील त्यांना डॉक्टरने तपासायचं, कानाच्या पाळीवर आणि कोपरावर गाठी बघायच्या, आणि २०१५ चे एसीआर-यूलार (अमेरिकी आणि युरोपीय संधिवात संघटनांचे) निकष लावायचे. त्यात ८ गुण लागतात. यूरिक ॲसिड ४ च्या खाली असेल तर ४ गुण वजा होतात.

आकडेमोड: नमुना पुरणार नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये कॉपकॉर्ड (समाजातले सांध्यांचे आजार घरोघर जाऊन मोजण्याच्या) पद्धतीने ४,०९२ प्रौढांची पाहणी झाली, तिथे गाउटचं प्रमाण ०.१२ टक्के निघालं, म्हणजे जेमतेम पाच माणसं. पाचाच्या आकड्यावर ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो) साधारण ०.०४ ते ०.२९ टक्के येते. खालचं टोक आणि वरचं टोक यांत सातपट फरक! ०.१२ टक्के प्रमाण ±०.०६ च्या अचूकतेने हवं असेल तर सुमारे १२,८०० माणसं लागतात. गावं हे क्लस्टर, म्हणजे एका गावातली माणसं एकमेकांसारखी, असल्यामुळे नमुना वाढवावा लागतो; ती वाढ (डिझाइन इफेक्ट) १.५ पट धरली की १९,२०० होतात.

कमावती पुरुषमंडळी शहरात गेलेली असतील तर घरी म्हातारी माणसं आणि बायकाच भेटतात. गाउट पुरुषांत कितीतरी जास्त, त्यामुळे वय आणि लिंगानुसार प्रमाणित केल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या आकड्याशी तुलना करू नका.

पीएसएम_निवासी: मग सीपीपीडीचं काय? एक्स-रे तरी ठेवू का?

सांधेवैद्य: ठेवा, पण तक्त्यात ‘कॉन्ड्रोकॅल्सिनोसिस’ लिहा, ‘सीपीपीडी’ नको. कूर्चेत चुन्याची रेघ दिसणाऱ्या बऱ्याच जणांना काहीच त्रास नसतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या पाहणीत ६३ वर्षांपुढच्यांत गुडघ्यात ८.१ टक्के सापडलं. नुसत्या गुडघ्यावर काही केसेस निसटतात. मनगटाचा एक्स-रे जोडलात तर बरं. साठीच्या आत कोणाला दिसलं तर कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, मॅग्नेशियम आणि फेरिटिन तपासायला पाठवा, ती माणसं नुसती मोजून सोडू नका.

सूक्ष्मदर्शक: सुजलेला सांधा मिळाला तर पाणी काढाच, तोच खरा पुरावा. लिथियम हेपॅरिनची नळी नको, तिच्यातले स्फटिक फसवतात. ओली स्लाइड शक्यतो सहा तासांच्या आत बघा. कॉम्पेन्सेटर (रंगफरक दाखवणारी पट्टी) लावलेल्या ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली युरेटची (गाउटच्या स्फटिकाची) सुई कॉम्पेन्सेटरच्या अक्षाला समांतर असताना पिवळी आणि आडवी असताना निळी दिसते. सीपीपीडीचे आखूड, चौकोनी तुकडे उलट वागतात आणि फिके असतात, काही तर चमकतच नाहीत. म्हणून साध्या प्रकाशातही शोधा. आधी त्या सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं होतं का, हे विचारल्याशिवाय अहवाल लिहू नका. त्याचेही स्फटिक दिसतात.