पगारासाठी सरकारी मदत: माणसं टिकवणाऱ्याला, की कमी करून परत भरणाऱ्याला?

सातपूरची_पेरोलवाली

१ ऑगस्ट २०२५ पासून प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना लागू आहे. नव्या माणसामागे मालकाला महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. पीएफमध्ये पहिल्यांदा येणाऱ्या कामगाराला एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम, जास्तीत जास्त १५,००० रुपये, दोन हप्त्यांत मिळते. ही काही मंदीतली योजना नाही. पण 'वाढीव माणूस दाखवा, पैसे घ्या' हा तिचा साचा २०२० च्या योजनेतला आहे, आणि त्या साच्याबद्दल पुढची मंदी यायच्या आत बोलायला हवं.

मी नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या लहान कारखान्यांचं पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचं, काम करते. मार्च २०२० मध्ये केंद्राने जाहीर केलं की कामगाराचा १२ टक्के आणि मालकाचा १२ टक्के, असा २४ टक्के पीएफ सरकार भरेल. आधी तीन महिने, मग ऑगस्टपर्यंत. अट अशी की माणसं १०० पर्यंतच हवीत आणि त्यातल्या ९० टक्के लोकांचा पगार १५,००० च्या आत हवा.

माझ्याकडच्या एका शीट मेटलच्या युनिटमध्ये २० माणसं होती. त्यातले तिघे, दोन टूलरूमवाले आणि एक सुपरवायझर, १५,००० च्या वर. म्हणजे १७ जण पगाराच्या अटीत बसत होते, पण प्रमाण ८५ टक्के. सगळं युनिट बाद. त्या १७ जणांचा पगार साधारण १२,००० धरला तर महिन्याला ४८,९६० रुपये त्यांच्या खात्यांवर जमा झाले असते. कुशल माणसाला बरा पगार देणं हाच त्या मालकाचा गुन्हा ठरला. आणि ज्यांनी पगाराचे तुकडे पाडून पीएफला कमी आकडा दाखवला होता, ते त्या अटीत आरामात बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पुढची आत्मनिर्भर भारत रोजगार योजना तर मला त्याहून चुकीची वाटते. १ ऑक्टोबर २०२० पासून लागलेल्या माणसांचा पीएफ सरकार भरणार होतं, पण पट, म्हणजे कामावरच्या माणसांची संख्या, मोजायचा तो सप्टेंबर २०२० चा. ५० पर्यंत माणसं असतील तर त्यावर किमान दोन वाढवायची, ५० च्या वर असतील तर पाच. आता बघा, एप्रिल-मेमध्ये ज्याने पदरचे पैसे घालून सगळे ३० जण ठेवले, त्याचा पट ३०. ज्याने १२ जणांना घरी पाठवलं, त्याचा १८. ऑक्टोबरमध्ये काम आल्यावर दुसऱ्याने १२ जण भरले आणि दोन वर्षं मदत घेतली. पहिल्याला शून्य.

माझं म्हणणं एवढंच की तुलना संकटाआधीच्या पटाशी करा. पैसे आधी द्या, वर्षाने प्रत्यक्ष आकड्यांशी ताळा घाला, जास्त गेलेले परत घ्या. आणि कोणाला किती दिले ते जाहीर करा.

भोसरीचा_लेथवाला

ताई, पहिल्या दोन मुद्द्यांना माझा पाठिंबा. शेवटच्या दोन्हींना कडाडून विरोध.

वर्षाने ताळा म्हणजे काय, ते मालकाच्या खुर्चीत बसल्यावर कळतं. मंदीत आलेला पैसा त्याच आठवड्यात पगारात जातो. समजा मदत विक्री घटण्याच्या अटीवर दिली आणि वर्षाने नोटीस आली की 'तुमची विक्री ३० नाही, २६ टक्केच घटली, व्याजासकट परत करा', तर आणायचे कुठून? मग शहाणा मालक अर्जच करणार नाही. तो माणसं कमी करेल, कारण त्यात कुठली नोटीस येत नाही.

आणि २९ मार्च २०२० चा केंद्रीय गृहखात्याचा आदेश विसरू नका. कारखाना बंद, तरी पूर्ण पगार द्या. मदतीचा एक रुपया नाही, नुसता आदेश. १८ मे पासून तो मागे घेतला, आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नका म्हटलं. पण मधल्या ५०-५५ दिवसांचे पगार आम्ही बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे उसने, काढून दिले. २४ टक्के पीएफची मदतही पगार वाटून ईसीआर, म्हणजे पीएफचं महिन्याचं विवरणपत्र, भरल्यावरच. ज्याच्याकडे पगाराला पैसे नाहीत त्याला ती काय कामाची? तुम्ही अहवालाचे नियम वाढवायचं म्हणता, मी म्हणतो आधी पैसे तर द्या.

मेलबर्नकर

इथला अनुभव सांगतो, कारण दोघांच्याही म्हणण्याला तो लागू पडतो.

ऑस्ट्रेलियात ३० मार्च २०२० पासून जॉबकीपर सुरू झालं. प्रत्येक पात्र कामगारामागे पंधरवड्याला १,५०० डॉलर, मालकामार्फत. विक्री ३० टक्के घटलेली हवी, अब्ज डॉलरच्या वरच्या कंपन्यांची ५० टक्के, धर्मादाय संस्थांची १५. पण घट 'होईल असं वाटतं' एवढंही पुरत होतं. अंदाज प्रामाणिक असला की झालं. पुढे विक्री घटली नाही, उलट वाढली, तरी पैसे परत करायची तरतूद कायद्यात ठेवलीच नव्हती. नंतर ट्रेझरीच्या, म्हणजे अर्थखात्याच्याच, आढाव्यात निघालं की पहिल्या सहा महिन्यांत २७ अब्ज डॉलर अशा धंद्यांकडे गेले ज्यांची विक्री त्या मर्यादेइतकी घटलीच नाही. काही कंपन्यांनी लोकलाजेस्तव पैसे परत केले, बाकीच्यांनी ठेवले. दोन्ही कायदेशीर. सप्टेंबरअखेरच्या मुदतवाढीत प्रत्यक्ष विक्रीची अट आली, पण ते वरातीमागून घोडं.

फॉर्म कसा असतो यावरही बरंच ठरतं. मे २०२० मध्ये सरकारने जाहीर केलं की १३० अब्जांचा अंदाज चुकला, खर्च ७० अब्जच होईल. सुमारे हजार धंद्यांनी फॉर्ममध्ये कामगारांची संख्या लिहायच्या जागी मिळणारी रक्कम लिहिली होती. माणूस एक, रकान्यात १,५००. पैसे त्या रकान्यावरून सुटत नव्हते म्हणून जास्त गेले नाहीत, पण देशाचा अंदाज मात्र त्या आकड्यांवर चालला होता.

शिवाय कोण बाहेर राहिलं ते बघा. १२ महिन्यांपेक्षा कमी काळ कामावर असलेले कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेले कामगार, आणि तात्पुरत्या व्हिसावरचे जवळपास सगळे. पुण्या-नागपूरहून शिकायला आलेली मुलं हॉटेलांच्या किचनमध्ये आणि गोदामांत राबत होती. त्यांच्याच मालकाला इतरांसाठी पैसे मिळत होते, त्यांच्यासाठी नाही. कर तेही भरत होते. पात्रतेचा विचार करताना मला २७ अब्जांइतकीच ही गोष्टही छळते.

भोसरीचा_लेथवाला

तुमच्या २७ अब्जांकडे मी उलट बाजूने बघतो. मार्च २०२० मध्ये पुढच्या महिन्यात काय होणार हे कोणाला ठाऊक होतं? अंदाजावर पैसे दिले म्हणून तिथे मालकांनी माणसं धरून ठेवली. जास्त गेले ते वेगाची किंमत म्हणून सोसायचे. आपल्याकडे एकही रुपया वाया जाऊ नये म्हणून अटी घातल्या आणि माणसं पायी गावाला निघाली.

कामगार_कट्टा

तुम्ही सगळे मालकामार्फतच का बोलताय? पीएफ कायदा २० माणसांपासून लागू होतो. १९ जणांचं वर्कशॉप, घरी बसून पॅकिंग करणाऱ्या बाया, ठेकेदाराकडचा हेल्पर ज्याचं नाव मस्टरवर कधीच नव्हतं, यांच्यासाठी ही सगळी चर्चा दुसऱ्या देशातली आहे.

पैसे थेट कामगाराला द्या. ईएसआयच्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत २०२० साली तेच केलं. भत्ता सरासरी पगाराच्या २५ वरून ५० टक्के केला, ९० दिवसांऐवजी ३० दिवसांनी दावा करता येऊ लागला, आणि मुख्य म्हणजे मालकाची सही लागेनाशी झाली. आमच्या भागात त्या सहीसाठी माणसं गेटवर उभी राहायची आणि मालक फोन उचलायचे नाहीत. लेथवाले दादा, हे तुमच्याबद्दल नाही, पण असे मालक आहेत हे तुम्हालाही माहीत आहे.

सातपूरची_पेरोलवाली

कट्टा, सही काढली ते उत्तम झालं, त्यावर वादच नाही. पण तो भत्ता नोकरी गेल्यावर मिळतो. माझा प्रश्न नोकरी जाऊ नये याचा आहे. सुटलेला सीएनसी ऑपरेटर गावाहून परत येईलच असं नाही, आणि आला तरी जुन्या पगारावर येईलच असंही नाही. जर्मनीचं कुर्त्सआर्बाइट बघा. माणूस पटावरच राहतो, जेवढे तास कमी झाले तेवढ्या निव्वळ पगाराचे ६० टक्के सरकार देतं, मूल असेल तर ६७. मालक दर महिन्याला माणसागणिक बुडालेले तास कळवतो, आणि शेवटी रोजगार खातं सगळी कागदपत्रं तपासूनच हिशेब बंद करतं. एप्रिल २०२० मध्ये ६० लाखांच्या आसपास लोक त्यावर होते.

आणि दादा, हीच ताळ्याची पद्धत आहे. तिथला मालक पैसे घेताना जाणून असतो की शेवटी तपासणी आहे. नियम पहिल्या दिवशी सांगितला तर तो विश्वासघात होत नाही.

मुलुंडचा_सीए

विक्रीच्या घटीवर पात्रता ठेवायची तर आकडा आणणार कुठून? जीएसटी म्हणाल, पण फेब्रुवारी ते एप्रिल २०२० च्या विवरणपत्रांना लहान करदात्यांसाठी निदान जूनअखेरपर्यंत विलंब शुल्क माफ होतं. म्हणजे ज्या महिन्यांची मदत द्यायची, त्यांची विक्री सरकारच्या हातात नव्हतीच.

दुसरं, ३० टक्क्यांची रेघ मारली की बिलं सरकतात. ३० तारखेचं बिल १ तारखेला फाडलं की महिना 'घटला'. जॉबवर्कवाल्यांच्यात तर मोठी कंपनी डिलिव्हरी चलनावर माल उचलते आणि बिल तिच्या सोयीने मागते. यात लबाडी कुठे आणि सवय कुठे, हे ऑडिटमध्ये शोधणं अशक्य आहे. पटाची अट ढोबळ असेल, पण यूएएन, म्हणजे कामगाराचा पीएफ क्रमांक, आधारला जोडलेला असतो, माणूस खोटा उभा करणं अवघड. माझं मत सप्टेंबरच्या पटाच्याच बाजूने. सरकारचा हेतू तेव्हा नवी भरती हा होता, जुन्याला बक्षीस देणं नव्हे.

सातपूरची_पेरोलवाली

सीए साहेब, बिलं सरकतात हे खरं. पण ती रेघेमुळे सरकतात. कॅनडाने सुरुवातीला १५ आणि मग ३० टक्क्यांची रेघ ठेवली होती. जुलै २०२० पासून घट जेवढी तेवढी मदत, असं प्रमाण केलं. २९ टक्के घटलेल्यालाही काही मिळतं, ३१ वाल्याला थोडं जास्त. मग एक बिल सरकवून हाती फारसं लागत नाही. आमच्या शीट मेटलवाल्यालाही हेच हवं होतं: ८५ टक्के लोक बसतात ना, मग त्या ८५ टक्क्यांचे पैसे द्या.

हेतूबद्दल मात्र आपलं जुळणार नाही. माणूस टिकवणं हीसुद्धा रोजगारनिर्मितीच आहे, आणि तिला सप्टेंबरच्या पटात जागाच नव्हती. पट मोजायचाच तर फेब्रुवारी २०२० चा मोजा. तोही त्याच यूएएनवर आहे.

वेलिंग्टनवाली

नावं जाहीर करण्याबद्दल थोडंसं. न्यूझीलंडमध्ये पूर्ण वेळ कामगारामागे आठवड्याला ५८५.८० डॉलर, १२ आठवड्यांचे एकदम, जवळपास मालकाच्या शब्दावर मिळाले. पण सरकारी साईटवर मालकाचं नाव टाकलं की किती माणसांसाठी किती घेतले ते कोणालाही दिसायचं. माझ्या मैत्रिणीला तिच्या मालकाने 'आपल्याला काही मिळालं नाही' सांगितलं होतं. तिने नाव टाकून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पगार मागितला. ७० कोटी डॉलरहून जास्त रक्कम मालकांनी परत केली. ती सगळी भीतीपोटी असं मी म्हणणार नाही, पण यादी उघडी असल्याचा त्यात वाटा नक्की आहे.

भोसरीचा_लेथवाला

मैत्रिणीला पगार मिळाला, आनंद आहे. पण आमच्याकडे काय होईल ते सांगतो. यादीत माझं नाव आलं की पहिला फोन बँकेचा, दुसरा स्टीलवाल्याचा: 'शेठ, आता उधारी नको, रोख द्या.' तिसरा त्या मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाचा, कारण अडचणीतल्या पुरवठादाराला ऑर्डर द्यायला ते कचरतात. ज्या मदतीने मी वाचायचा, तिच्याच यादीने मी बुडायचा. शेअर बाजारातल्या कंपन्यांची नावं जरूर छापा, त्यांच्या साहेबांचे पगारही तपासा. २५ माणसांच्या वर्कशॉपला त्यातून वगळा, किंवा दोन वर्षांनी छापा.

कामगार_कट्टा

दोन वर्षांनी छापलेल्या यादीचा गेटवरच्या माणसाला उपयोग नाही, त्याला या महिन्यात कळायला हवं. जगाला दाखवू नका हवं तर. पीएफचे पैसे जमा झाल्यावर कामगाराच्या मोबाईलवर मेसेज येतोच, त्याच मेसेजात लिहा की तुमच्या नावावर तुमच्या मालकाला या महिन्यात सरकारकडून इतके रुपये मिळाले. मराठीत लिहा. यात बँक, स्टीलवाला कोणी येत नाही. याला तुमची हरकत आहे का, दादा?

भोसरीचा_लेथवाला

याला नाही. फक्त त्याच मेसेजात हेही लिहा की उरलेला पगार मालकाने किती भरला.