मदत हवी आहे: उसाऐवजी हेम्प (धाग्याची भांग) लावायचा आहे, परवाना कुठून निघतो?

शेताकडचा
नमस्कार मंडळी. जरा तातडीचं आहे, सोमवारी पैसे भरायचेत. मोहोळ तालुक्यात आमचं रान आहे. वडिलांच्या काळापासून ऊस, उजनीचं पाणी. आता खालच्या तुकड्यात उन्हाळ्यात पांढरं फुटतं आणि एक मोठा पाऊस झाला की चार दिवस पाणी हटत नाही. ओलं ढेकूळ चोळलं तर साबणासारखं बुळबुळीत लागतं. युरिया वाढवला, टनेज घटतंच आहे. हे असंच चाललं तर पोरांच्या हातात काय देणार?

हेम्पला पाणी कमी लागतं, फवारणी नाही, जमीन सुधारते, हवेतला कार्बन ओढतो असं वाचलं. एक कंपनी बियाणं देते, माल तीच उचलते. परवाना कलेक्टर ऑफिसात मिळतो, कृषी खात्यात की एक्साइजला? तेवढंच सांगा. नाद सोडा वगैरे सांगू नका.

सीनाकाठ
मालक, क्षेत्र किती? सातबारा कुणाच्या नावावर? पैसे कशाचे? आणि परवान्याचं तुम्ही इथे विचारताय, मग कंपनीने काय दाखवलंय?

बार्शीकर_ताग
ताग टाका हो! एकरी २०-२५ किलो बी, फुलावर आला की दीड महिन्यात गाडून टाका. आमचं रान तागानेच सुधारलं. ना परवाना, ना कटकट.

शेताकडचा
मी तागाचं विचारलेलं नाही. क्षेत्र २ एकर, सातबारा वडिलांच्या नावावर. पैसे बियाण्याची अनामत. परवाना 'प्रोसेसमध्ये आहे, तोवर पेरून घ्या' असं त्यांचा माणूस म्हणाला.

कोर्टकचेरी
'तोवर पेरून घ्या' हे ऐकून गप्प बसवेना. अमली पदार्थांचा १९८५चा कायदा, म्हणजे एनडीपीएस, भांगेच्या झाडाची विनापरवाना लागवड हाच गुन्हा मानतो. कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. धाग्यासाठी किंवा बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं, ती वाट कलम १४ मध्ये आहे, पण आधी आदेश, मग पेरणी. उत्तराखंडने २०१८ पासून परवाने दिले, तिथे टीएचसी (नशा आणणारा घटक) ०.३ टक्क्यांच्या आत लागतं. तो कागद मोहोळात चालत नाही. कंपनीकडे महाराष्ट्र सरकारचा लेखी आदेश मागा, त्यात तुमचा गट नंबर आहे का बघा. पोलीस आले तर पहिला प्रश्न सातबारावरच्या माणसाला विचारतील, म्हणजे वडिलांना.

शेताकडचा
पण हेम्पचं बी ऑनलाइन उघड विकतात, खायचं म्हणून. ते कसं चालतं?

कोर्टकचेरी
ते खाद्य म्हणून. बी, तेल, पीठ विकायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा खात्याने, २०२१ मध्ये नियम केले. त्याने पेरायची परवानगी मिळत नाही.

सुगरण_अकलूज
माझ्या सासूबाईंचे गुडघे फार दुखतात. हे तेल चोळलं तर चालतं का? कुणी वापरलंय?

कोरडवाहू
ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे राहून जाईल.

शेताकडचे, परवाना मिळाला असं धरू. तरी हे पीक दिवसाच्या लांबीवर चालतं. दिवस लहान झाला की फुलावर येतं. युरोपातल्या जातींना उन्हाळ्यात १६ तासांचा दिवस मिळतो, म्हणून त्या ताडमाड वाढतात. सोलापूरचा सगळ्यात मोठा दिवस १३ तासांच्या थोडा वर. ती जात इथे गुडघा-मांडीएवढी असतानाच फुलेल, मग धागा कशाचा काढणार? कंपनी कुठली जात देतेय आणि आपल्या अक्षांशावर कुठे घेतलीय, हे विचारलंत का? शिवाय हे हरभरा-तुरीसारखं शेंगवर्गीय पीक नाही, हवेतला नत्र धरत नाही, चांगल्या वाढीला नत्र द्यावंच लागतं. आणि साचलेलं पाणी त्याला अजिबात सोसत नाही. तुमचं रान तर त्याच दुखण्याचं आहे.

लूमवाला_पूर्वभाग
आमचे टॉवेलचे माग आहेत म्हणून सांगतो. सोलापूरचं सगळं काम सुतावर. हेम्पची साल खूप राठ असते. डिंक काढून ती कापसासारखी मऊ केल्याशिवाय सूतगिरणीच्या यंत्रावर चढत नाही. ते करणारा कारखाना मी इथे पाहिलेला नाही. काड्यांचा ढीग ट्रकने कुठवर नेणार? माल उचलण्याच्या करारात भाडं कुणी द्यायचं ते वाचा.

सीनाकाठ
आणि साल सुटायला आपल्याकडे काड्या पाण्यातच कुजवतात. आमची आजी अंबाडी ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायची. त्या डोहातले मासे पोट वर करून तरंगायचे, गुरं तोंड लावायची नाहीत. पर्यावरणासाठी पीक बदलताय तर ते पाणी कुठे सोडणार, तेही धरा.

ऊसच_बरा
ऊस सोडायचाच कशाला? एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) आहे, कारखाना तोड करून नेतो. ज्वारी करून कोण मोठा झाला?

कोरडवाहू
५५० मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या जिल्ह्यात २००० मिलिमीटरहून जास्त पाणी मागणारं पीक, तेही पाटाने मोकाट! मालदांडी ज्वारी नुसत्या ओलीवर येते.

ऊसच_बरा
मग ठिबक करा की. दोष उसाचा नाही, पाटाचा आहे.

कोरडवाहू
एवढ्यापुरतं पटलं.

सीनाकाठ
भांडण पुरे. शेताकडचे, मातीचा रिपोर्ट आहे का?

शेताकडचा
आहे, गेल्या वर्षीचा. पीएच ८.९, ईसी (क्षारांचं माप) १.६. पुढचं कुणी समजावलं नाही.

कोरडवाहू
हेच आधी टाकायला हवं होतं. पीएच साडेआठच्या वर, क्षार कमी, म्हणजे लक्षण चोपणचं. मातीला सोडियम चिकटलाय, म्हणून पाणी जिरत नाही. विनिमययोग्य सोडियमची तपासणी करून घ्या, १५ टक्क्यांच्या वर आला तर जिप्सम. किती टाकायचं ते तपासणीवरूनच ठरवा, दुकानदाराच्या अंदाजाने नको. पण पाण्याला बाहेर वाट नसेल तर जिप्समचा पैसा वाया. आधी निचरा, मग जिप्सम, मग हिरवळीच्या खताला धैंचा. इथे ताग नको, तो साचलेल्या पाण्यात पिवळा पडतो.

बार्शीकर_ताग
आमच्याकडे नाही पडला.

कोरडवाहू
तुमचं रान उताराचं असेल.

शेताकडचा
कोर्टकचेरी, तुमचा मुद्दा वडिलांना वाचून दाखवला. कंपनीला लेखी आदेश मागितला तर माणूस म्हणतो, 'भरोसा नसेल तर राहू द्या.' राहू दिलं. सोमवारी पैसे भरत नाही.

आता निचऱ्याचं सांगा. ओढा आमच्या बांधापासून दोन शेतं खाली आहे. मधला शेतकरी चर काढू देत नाही, म्हणतो तुमचं खारं पाणी माझ्या रानात नको. त्याचंही चूक नाही. जमिनीखालून पाइप टाकला तर त्याच्या पिकाला त्रास होतो का? पाइप किती खोल लागतो, आणि त्याची लेखी संमती कशी घ्यायची? मोहोळ-माढ्याकडे कुणी केलं असेल तर खर्चासकट लिहा.